मंगळाची दोन पोरं

ता. २

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस. गेल्या महिन्यात उंच इमारतीच्या काचा पुसताना माझा दोर अचानक हातभर सुटला. खरचटलंसुद्धा नाही, पण तेव्हापासून साध्या शिडीवरही चढवत नाही. जन्मभर दोराला लटकून शिट्टी वाजवणारा मी! मुकादम म्हणतो, अकरा तारखेला, सोमवारी, दोरावर उतर, नाहीतर कायमचा फाटकावर बस. खुर्चीत बसून आल्यागेल्याला सलाम ठोकणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तू तारांगणात लोकांना आकाश समजावतेस, तर या भीतीवर काही उतारा सांग.

तुझ्यावर लोभ आहेच.
सध्या जमिनीवरचा,
मामा

ता. ५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

उतारा नाही, नाव आहे. उंचीच्या भीतीला अ‍ॅक्रोफोबिया म्हणतात. ग्रीकांत फोबॉस म्हणजे भीती, आणि तिला त्यांनी चक्क देव केलं. हा युद्धदेवाचा मुलगा, आणि डायमॉस, म्हणजे धास्ती, हा त्याचा भाऊ. बाप लढाईला निघाला की रथाला घोडे जुंपायचं काम या दोघांचं. तो युद्धदेव म्हणजेच रोमनांचा मार्स, म्हणून मंगळाच्या दोन्ही चंद्रांना याच पोरांची नावं दिली. हे मी रोज घडाघडा सांगते, आज मात्र तूच डोळ्यांसमोर आलास आणि जीभ अडखळली.

आईला बोलले नाही. ती अजून सगळ्यांना सांगते की माझ्या भावाला भीती ठाऊकच नाही.

काळजी घे, लोभ असू दे.
तुझी ठमी

ता. ८

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट बघवेना. माझ्या पोटात काही राहत नाही, आईला सांगून टाकलं. ती रागावली नाही. मग म्हणाली, तो दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा कधी तपासत नाही, तपासणाऱ्यांना भित्रे म्हणून हसतो. मामा, त्या दिवशीही तसंच झालं का? तर मग उतरू नकोस. फाटकावर बस, मी चिडवणार नाही. आई सारखी दाराशी येरझारा घालतेय, आणि मी आज मंगळ सांगता सांगता शनी दाखवला.

लोभ राहू दे, पण आधी तू राहा.
ठमी

ता. १२

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आईने बरोबर ओळखलं, तपासलं नव्हतं. काल सोमवारी गच्चीवर गेलो, भीती सोबत होतीच. तुझी ती दोन पोरं आठवली. म्हटलं, सोबत आलाच आहात तर फुकट बसू नका, घोडे जुंपा. मग प्रत्येक कडी, प्रत्येक गाठ ओढून ओढून पाहिली. जोडीदार हसले, मुकादम ओरडला, मी पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग उतरलो. वरच्या दोनच मजल्यांच्या काचा झाल्या. शिट्टी वाजली नाही, ओठ कोरडे पडले होते.

लोभ आहे तो वाढवावा. आणि आईला सांग, तिचा भाऊ आता भित्रा झालाय, रोज घरी परत येईल.

तुझा,
मामा