भिंतीलगतची माती

९ नोव्हेंबर २००१, अल नहदा, शारजा
सुखरूप पोचले. वैभवी विमानतळावर शुभ्राला घेऊन आली होती. नात सहा वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. ही सवय मोडून काढीन. जावई समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, महिनाभर येत नाहीत. फ्लॅट आठव्या मजल्यावर, उजेड भरपूर, मन प्रसन्न झालं. लिफ्टमध्ये मात्र मासळी आणि अत्तर यांचा एकत्र भपकारा. बाल्कनीत रिकामी कुंडी. इथल्या वाळूत वैभवीची एकही तुळस जगली नाही. शुभ्राला सदा खोकला. साताऱ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून तुळशीचं रोप आणलं आहे. आता माती हवी.

१३ नोव्हेंबर
काम मिळालं. खालच्या मजल्यावरचे जहूरभाई रत्नागिरीचे. अल कुसैसला त्यांचं जुन्या वस्तूंचं गोडाऊन आहे. एका हॉटेलात प्रदर्शन भरवायचं आहे, त्यासाठी माहिती लिहून हवी. कॉलेजात आयुष्यभर रोमन इतिहास शिकवला, तो इथे उपयोगी पडला.

वस्तू युफ्रेटिसकाठच्या एका तटबंदीच्या गावातल्या. रोमन साम्राज्याची हद्द, एका बाजूला नदीचा कडा, बाकी तिन्हीकडे भिंत. शत्रूनं भिंतीखाली भुयारं खणली. भिंत ढासळू नये म्हणून गावकऱ्यांनी आतल्या बाजूची घरं मातीनं गच्च भरली, फळीवरच्या ताटल्यांसकट. म्हणून सगळं शाबूत. वस्तू त्याच मातीत बांधून आल्या आहेत. काळी, मऊ, नदीची माती, आणि झाडूवाले ती कचऱ्यात टाकत होते. मी जहूरभाईंना झापलं. ते हसले. म्हणाले, "न्या बाई, न्या. इथं पेट्रोलपेक्षा पाणी महाग, नि पाण्यापेक्षा माती." पिशवीभर आणली. तुळस लावली.

२० नोव्हेंबर
तुळस गुडघ्याएवढी झाली. रोज सकाळी मधातून दोन पानं देते. शुभ्राचा खोकला थांबला. पण कुंडीला ओल्या, कुबट फडक्यासारखा वास येतो. माती नखांखाली तुपासारखी बसते, साबणानं निघत नाही. आज तीत दाढ सापडली. किडलेली, माणसाची. जुन्या मातीत असायचंच, असं स्वतःला बजावलं, दाढ फेकली आणि दोनदा अंघोळ केली.

२५ नोव्हेंबर
शुभ्राच्या उशीवर काळा चिकट गाळ. दातांतही तोच. बाल्कनीच्या दाराच्या फटीत माती थापून ती जिभेनं गुळगुळीत करत होती. शिसारी आली. दंडाला धरून उठवलं तर शांतपणे म्हणाली, "आजी, डोन्ट. दे आर कमिंग अंडर द वॉल." तिला या गावाबद्दल मी काहीच सांगितलेलं नाही. वैभवीनंही नाही. पानं बंद केली, तर ती चोरून खाते.

२८ नोव्हेंबर
डॉक्टरकडे न्यायला निघालो. लिफ्टपाशीच शुभ्राचा श्वास कोंडला, ओठ निळे. घरात आणताच ठीक.

जहूरभाईंना विचारलं. आधी टाळत होते. मग खाली बघून सांगितलं. माल विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं: घरं भरताना माती कमी पडली. तेव्हा गावकऱ्यांनी माणसं उभी केली, खांद्याला खांदा लावून. कुणी ओरडू नये म्हणून आधी तोंडं मातीनं भरली. "तुम्ही पिशवी भरली तेव्हाच बोलायला हवं होतं, बाई. वाटलं, मातीच ती."

१ डिसेंबर
तुळस उपटायला गेले. मूळ पांढुरकं, मऊ, बोटाएवढं जाड, त्यावर केस. हातभर ओढलं — घरातून वैभवीची किंकाळी. शुभ्रा ताठ, घशातून गाळ. मी सोडलं, ती श्वास घ्यायला लागली. पुन्हा ओढलं — पुन्हा तेच. मूळ आत दाबलं, पाणी घातलं. या हातांनी.

२ डिसेंबर
कुंडीतली माती खाली बसते आहे. बसेल तसा शुभ्राचा श्वास उथळ. वाळू घातली, कुंडीनं बाहेर टाकली. जहूरभाईंकडे माती उरली नाही. पालिकेच्या गाडीतून गेली. ते रडत होते. त्यांचा काय उपयोग.

३ डिसेंबर
माती कमी पडली की काय घालतात ते मला ठाऊक आहे.

वैभवीला सांगितलं, पोरीला मांडीवर घेऊन हॉलमध्ये बस, बाल्कनीत येऊ नकोस.

डावा हात कुंडीत घातला आहे, उजव्यानं लिहिते. मनगटापर्यंत. गार, बुळबुळीत, आतड्यात हात घातल्यासारखं — शी. हॉलमधून शुभ्राचा श्वास ऐकू येतो. मोकळा.

कोपरापर्यंत. कुंडी एवढी खोल नाही.

बोटांत बोटं — पुष्कळ — ओढताहेत —

गाल मातीला लागला. ओठांवर ओलं काहीतरी — चाचपतंय — ही घाण मी तोंडात घे