पडला तो घरी चाल

६ एप्रिल, लाओस
पोचलो एकदाचा. करडीहून इतक्या दूर मीच पहिला आलो असंन. सेठनं इथल्या राइस मिलमध्ये तांदूळ घासायची पॉलिशर मशीन बसवायले पाठवलं. राहायले डोंगरातल्या गावात मस्त खोली, फिरायले मोटरसायकल. ऊन मात्र भंडाऱ्यासारखंच जबर. सकाळी चिकट भात अन् मासोळी खाल्ली. बायकोले, रीताले, अन् शुभांगीले फोटो पाठवले. पोरगी लय खूश.

९ एप्रिल
गाडी म्हणजे निव्वळ डोकेदुखी. ब्रेक लागत नाही. मिस्त्रीले इशाऱ्यानं सांगितलं, तो हसून एक नट कसून मोकळा. आज भर दुपारी घाटातल्या वळणावर खडीवर घसरलीच. उजवा गुडघा सोलला. तिथं मेलेल्यांसाठी लोकांनं लहान लहान देवळ्या मांडल्या आहेत, त्यातल्या एकीवर जाऊन आदळलो. उठलो, कामाले गेलो. मायले सांगायची दुर्बुद्धी झाली.

११ एप्रिल
माय ऐकतच नाही. आमच्याकडे कोणी रस्त्यात पडलं का घरचं माणूस त्या जागेवर जाते, तांदूळ टाकते अन् भेलेला जीव हाक मारून घरी आणते. नाव घेत नाहीत. 'पडला तो उठ, घरी चाल,' एवढंच. माय म्हणे, तू तिथं जा, मी मोबाइलवरून हाक मारते. वैतागून गेलो, स्पीकर लावला. मायनं हाक मारली. एका देवळीमागची खडी सरकली. मी मागं पाहिलं नाही.

१४ एप्रिल
रीताचा फोन. भांडूनच राहिली. न सांगता काहून आले, आले त अंगणातच काहून बसले, बोलत काहून नाही? मी म्हटलं, डोकं फिरलं का, मी लाओसात आहो. तिनं फोन कापला. नेटवर्कही गेलं. काय कटकट आहे.

१५ एप्रिल
मायले फोन लावला. म्हणे, माहा भूषण अंगणात बसला आहे, गुडघा सोललेला. हाकेनं आलेल्याले ओवाळल्याबिगर घरात घेत नाहीत, तेच मी करून राहिली. मी गळा फाडून सांगितलं, तो मी नाही. तिनं फोन रीताच्या हातात देऊन सांगितलं, आजकाल फोनवर आवाज काढून फसवतात, ठेव.
देवळीतला — जो कोणी होता — त्यालेच हाक लागली.

१६ एप्रिल
सेठ म्हणे, मशीन चालू केल्याबिगर येऊ नको. करडीच्या आमच्या शेजारच्या तेजरामकाकाले फोन करून घरी पाठवलं. त्यानं जाऊन पाहिलं. म्हणे, तू अंगणातून मले हात दाखवला, मग मस्करी कायले करतं —
मले भेव लागून राहिलं. माह्या लेकराजवळ —

१७
फोन शुभांगीनं उचलला. बाबाच्या मांडीवर बसली आहे म्हणे. मी म्हटलं, बेटा, काकाकडे पळ. ती त्याले म्हणे, बाबा, तुमच्यासारखंच कोणी बोलून राहिलं.
मग माहाच आवाज. तिले म्हणे, राँग नंबर आहे, ठेव.
पुन्हा लावून राहिलो. उचलत नाही. रीता, पोरीले त्याच्याजवळून —