दाजींच्या गळ्यातला पट्टा

ती. वर्नाताईस,

धाकट्या आर्डिसचा बर्फातून वाट काढत निघालेला नमस्कार. तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि चर्चच्या जेवणावरून शेजारणीशी धरलेला तुझा अबोला, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सुखरूप. दाजीही सुखरूप. तू त्यांची चौकशी केली नाहीस, म्हणून मीही काही सांगणार नव्हते, पण घडलंच असं की सांगितल्यावाचून राहवेना.

तुमच्या गाई विकल्यापासून ऑरिनदाजी दिवसभर घरात नुसते पायात येतात, म्हणून तू त्यांना बोललीस आणि ते तडक पिकअप काढून 'दोन दिवस मदतीला' आमच्याकडे आले. त्याला आता महिना होऊन गेला. (मदत म्हणजे मी केलेले पॅनकेक संपवणं.) त्यातच विद्यापीठातली डॉ. टेगन आमच्या गोठ्यात आली. गाईंचे आजार कसे पसरतात, गाय सुखात आहे की नाही, यावर तिचं संशोधन. तिने एकेका गाईच्या गळ्यात पट्टा बांधला. गाय किती चालली, किती रवंथ केला, कुठे उभी राहिली, सगळं तिला तिकडे बसल्या जागी दिसतं. आमच्या पर्लचा पट्टा कुलूप नीट न बसल्याने गळून पडला. तो उचलून दाजी म्हणाले, मुक्या जिवाला काचत असेल, आधी आपण घालून बघू. घातला. कुलूप खटकन बसलं, आणि किल्ली टेगनकडे. आमचा डेलमर पक्कड घेऊन धावला, पण विद्यापीठाची वस्तू तुटेल म्हणून तो मागे सरला (आत दाजींचा गळा आहे हे त्याला नंतर सुचलं). टेगनला कळवू म्हटलं, तर दाजींनी मला शपथ घातली. वर हिमवादळाने रस्ते बंद.

शेवटी तिचाच फोन आला. पर्ल भारी आजारी आहे म्हणे. दिवसभर आडवी पडते, रवंथ मात्र थांबत नाही (सूर्यफुलाच्या बिया, दुसरं काय), कळपात मिसळत नाही. साथीचा रोग असेल, ताबडतोब वेगळी ठेवा. मग आम्ही दाजींना वेगळं ठेवलं, म्हणजे वरच्या खोलीत ताट पाठवायला लागलो. एक लक्षण मात्र तिला काही केल्या उलगडेना. पर्ल रोज दुपारी फाटकाबाहेर जाते, टपालपेटीपाशी उभी राहते, आणि परत येताना फार हळू चालते. मी घाईने फोन ठेवला, ताई. त्या दिवसांत टपालगाडी येतच नव्हती.

रस्ता मोकळा झाल्याबरोबर ती पोरगी गाय तपासायचा खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवूनच स्वयंपाकघरात शिरली. समोर दाजी, गळ्यात पट्टा, हातात सिरपची बाटली. मला वाटलं, आता हिच्या संशोधनातून आमची हकालपट्टी. पण ती हसली नाही की रागावली नाही. हातमोजा काढला, पट्टा उघडला आणि दाजींना विचारलं की टपालपेटीत काय यायचं होतं. दाजी पॅनकेकवर सिरप ओतत राहिले, ताट भरून वाहीपर्यंत.

"जनावर ओळखण्यात मी चुकले," ती मला म्हणाली, "निदानात नाही. याला जोडीदारणीपासून तोडलंय. घरी सोडा."

दाजींनी ताट तसंच सारलं. आजवर त्यांनी माझ्याकडे ताटात काही टाकलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण मी ते ताट झाकून ठेवलं.

असो. कोंबड्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
आर्डिस

ता. क. यातून मी तुला काही सुचवतेय असं मुळीच समजू नकोस.

ता. क. दुसरा. रविवारी नदीवरचा पूल मोकळा असेल. ये आणि तुझं जनावर घेऊन जा. स्वतःहून निघायचे नाहीत ते, तुझ्याइतकेच ताठ आहेत.

ता. क. तिसरा. हे पत्र पेटीत टाकायला तेच निघालेत. पाकीट चिकटवायचं माझ्याकडून राहून गेलंय.

(याच्या खाली, पेन्सिलीने)

वर्ना, वाचलं. निम्मं खोटं आहे. बियांचं खरं आहे. येताना माझे लोकरी मोजे घेऊन ये.
नको, राहू देत. तिथेच लागतील.
ऑरिन