माझ्यासाठी अर्धवट राहिलेली प्रार्थना

मी बलसम, कै. फहीम जिरजिस यांची पत्नी, राहणार नजा अल-तीन, मल्लवीजवळ, इजिप्त, असे लिहून ठेवते की पोटातल्या गाठीने माझे शरीर पोखरले असले तरी डोके शाबूत आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. भीतीपोटी लिहिते आहे, ते मात्र खरे.

१. राहते घर माझी नात यूस्तीना हिचे. भट्टी आणि उन्हात भाकरी फुगवायचे मातीचे पाटही तिचेच. ती शाळेत शिकवते, भाकरी तिच्याच्याने होत नाही. तरी भट्टी मोडू नये.

२. धाकटा भाऊ वहीब, आपल्या ख्रिस्ती मंडळीचा वडील म्हणजे पंच, याने फहीमचा लोकरी अंगरखा नेला आहे. तो त्याने ठेवावा. त्याच्याशी माझे भांडण अंगरख्याचे नाही.

मी अंथरुणाला खिळले त्या आठवड्यात पाळक अदीब यांनी उपासनेत माझे नाव घेतले आणि ज्याला आत्मा प्रेरणा देईल त्याने प्रार्थना करावी म्हणाले. पुरुषांच्या बाजूने कोणी उठेना. तेव्हा बायकांच्या बाकावरून यूस्तीना उठली. "हे प्रभू, माझ्या आजीला" एवढे ती बोलली आणि वहीबने तिचे बोलणे तोडले, "बस खाली, पोरी. पुढचं कोणीतरी पुरुष पूर्ण करेल." कोणीच केले नाही. गीत सुरू झाले.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले की बायकांनी सभेत गप्प राहावे. वहीबला ते तोंडपाठ आहे. त्याच पत्रात थोडे आधी पौल सांगतो की प्रार्थना करताना बाईने डोके झाकावे. गप्पच बसायचे तर झाकायचे कशासाठी? पाळक म्हणाले, विषय खोल आहे. वहीब म्हणाला, "ताई, मला काय तिचा राग आहे? शास्त्रात लिहिलंय ते मी कसं पुसू?" मी म्हटले, "पुसू नकोस रे, आधीची पानं उलट." तो उठून गेला.

लग्नात आम्ही त्याच देवळात जीभ हलवून आनंदाच्या आरोळ्या देतो, तेव्हा वहीब कौतुकाने हसतो. मयताला आमचा हंबरडाही चालतो. देवाकडे काही मागायचे म्हटले की मात्र आमचा आवाज खुपतो.

३. देवळाला लागून असलेली खजुराच्या झाडांची मोकळी जागा मंडळीला द्यावी, पण माझ्या शवपेटीपाशी यूस्तीनाला मोठ्याने प्रार्थना करू दिली तरच.

ही अट मी खोडते आहे. विकत घेतलेल्या परवानगीवर माझी पोर देवापुढे उभी राहायला नको. जागा मंडळीचीच, बिनशर्त.

४. आता माझ्या हातात काही उरले नाही, म्हणून पदर पसरते. वहीबा, मला मरायची भीती वाटते रे. माझ्यासाठी मागायला सुरुवात झाली आणि ते मध्येच तोडले गेले. रोज वाटते, वर काही पोचलेच नाही. ती पुढे काय मागणार होती ते यूस्तीना मला सांगत नाही. म्हणते, "आजी, ते तुला सांगायचं नव्हतं, देवाला सांगायचं होतं." मला दफन करण्याआधी तिला ते पूर्ण करू दे. तू डोळे मिटून घे, हवे तर बाहेर उभा राहा. पण या वेळी तिला बस म्हणू नकोस.

मला उठवत नाही. म्हणून हे साक्षीदारांनी माझ्या खाटेपाशी मोठ्याने वाचावे आणि मगच सह्या कराव्यात.

बलसम तौफीक (सही)
नजा अल-तीन, १९ नोव्हेंबर २००९

साक्षीदार:
अदीब शहाता, पाळक (सही)
वहीब तौफीक, मंडळीचा वडील (सही). कलम तीनपर्यंत मी वाचले. पुढे कागद मी यूस्तीनाच्या हाती दिला. राहिलेले सर्व तिने उभी राहून वाचले. मी मध्ये बोललो नाही.