पोरीचे हात वर का खाली

अण्णा, तुम्हाला एक विचारायचं आहे. तेव्हा विचारलं नाही, कारण तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि तुम्ही घरातसुद्धा थोडे सरच असायचात. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात, आणि नेमकी आत्ताच गरज पडली आहे. रविवारची सकाळ आहे. तुमची नात बॅडमिंटनला शाळेत गेली आहे, तुमचे जावई अजून लोळतायत, आणि मी इथे जपानात, फुनाबोरीतल्या आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात राइस कुकर बाजूला सारून पाठकोऱ्या कागदांवर लिहायला बसले आहे. पाठकोरे कागद जपून ठेवायची सवय तुमचीच. यांच्या पुढच्या बाजूला काय छापलंय ते मात्र नंतर सांगते, नाहीतर तुम्ही आधीच रागवाल.

नातीला तुम्ही पाहिलं नाहीत. ती आता इथल्या सरकारी हायस्कुलात अकरावीला आहे. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, आणि फारच वैतागली तर इंग्रजीत. घरात देव आहेत, मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर. दिवा लावते, गणपतीत मोदक करते, इथले शेजारी येऊन फोटो काढून जातात. पण पोथी मी तिला कधी शिकवली नाही. आळस म्हणाल तर थोडा आळस होताच. पण शिकवायला बसायचं म्हटलं की पहिला प्रश्न हातांचा यायचा आणि तिथेच माझं गाडं अडायचं. मग म्हणायचे, बघू पुढे.

तर या वर्षी तिच्या शाळेत एक ऐच्छिक विषय आहे, जगातले जुने धर्मग्रंथ वाचायचे. परीक्षा नाही, फक्त निबंध आणि शेवटी एकेकाने उभं राहून एक उतारा वाचायचा. परीक्षा नाही म्हणूनच बहुतेक पोरांनी तो घेतलाय, आणि आमच्या कन्येनेही. शिकवणारे सेन्सेई, म्हणजे इथले सर, तरुण आहेत, विषय सुरू करायला वर्षभर भांडले म्हणे. त्यांनी वर्गात विचारलं, भारतातला ग्रंथ मुळातून वाचून दाखवेल असं कुणी ओळखीचं आहे का? आणि जी पोरगी मला मराठीत उत्तर द्यायला कंटाळते ती उठून म्हणाली, माझे आजोबा शाळेत हेच शिकवायचे, माझ्या आईला सगळं पाठ आहे. सगळं पाठ! मला पंधरावा अध्याय तेवढा येतो, तोही जेवणाआधी म्हटल्याशिवाय ताट मिळायचं नाही म्हणून. पण ती आजोबांचं नाव घेऊन वर्गात उभी राहिली हे ऐकून मला भरून आलं, आणि पाठोपाठ घामही फुटला.

मग शाळेत बोलावणं आलं. उपमुख्याध्यापक म्हणजे अतिशय सभ्य गृहस्थ, इतके की त्यांच्यासमोर चहाचा घोट घ्यायचीही चोरी वाटते. त्यांनी समजावून सांगितलं की सरकारी शाळेत कुठल्याही एका धर्माचं शिक्षण द्यायला कायद्याने मनाई आहे. वाचा, अर्थ सांगा, तिकडचे लोक काय मानतात तेही सांगा. पण पूजा म्हणून काही करायचं नाही, मुलांकडून तर अजिबात करून घ्यायचं नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, यात नवीन काय, हे मला माझ्या वडिलांनी कधीच बजावलंय. आणि तिथेच, त्या खुर्चीत, मला तुमचा तो शनिवार दिसायला लागला.

शनिवारचा शेवटचा तास. मुख्याध्यापकांच्या मागे लागून तुम्ही तो मिळवला होता. ज्यांना पोथी वाचायची त्यांनी बसा, ज्यांना नको त्यांनी खेळायला जा, कुणालाही जबरदस्ती नाही. मला मात्र खेळायला जायची सोय नाही, सरांची मुलगी ना मी. तुम्ही घरची लाल कापडातली पोथी शाळेत कधीच आणत नाही. शाळेची प्रत वेगळी, खाकी कव्हरची, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेली. तुम्ही पहिला श्लोक म्हणता आणि माझे हात आपोआप जोडले जातात, घरी जोडते तसे. तुम्ही थांबता. सगळ्या वर्गादेखत म्हणता, "हात खाली. इथे आपण वाचायला बसलोय, पूजेला नाही." माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. शेजारची मुलगी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करते, आणि मला आठवतं, तिनेही माझं बघून हात जोडले होते, तेही खाली जातात.

आणि त्याच रात्री पानावर बसल्यावर मी शहाण्यासारखे हात खाली ठेवून अध्याय सुरू केला. दिवसभर तोच धडा घोकला होता ना. तर तुम्ही म्हणालात, "हात कुठे आहेत? इथे काय वर्ग भरलाय?" मी रडायच्या बेतात. आई तव्याशी. तिने वळूनही बघितलं नाही, नुसती म्हणाली, "आधी तुमचं तुम्ही एकदा ठरवा, पोरीचे हात वर का खाली. माझी पोळी करपतेय." तुम्ही हसला नाहीत आणि चिडलाही नाहीत. ताटाभोवती पाणी फिरवलंत आणि जेवायला लागलात. मी आजवर वाट बघतेय तुमच्या उत्तराची.

हॉस्टेलला निघाले तेव्हा तुम्ही मला ती खाकी कव्हरची प्रत दिलीत. म्हणालात, ही शाळेची तुला, घरची दादाला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, खरी पोथी दादाला आणि मला आपली शाळेतली. पण तीच माझ्याबरोबर पुण्याहून इथवर आली, आणि तीच घेऊन मी गुरुवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून नातीच्या वर्गात गेले.

आता ऐका काय झालं. इथे तास सुरू होताना पाळीचा विद्यार्थी पुकारतो, उठा, सरळ उभे राहा, वंदन करा, आणि अख्खा वर्ग कमरेत वाकतो. रोजचंच आहे, गणिताच्या तासालाही वाकतात. पण माझ्यासमोर टेबलावर तुमची पोथी, आणि तिच्यापुढे तीस पोरं एकदम वाकलेली! माझे हात आपोआप वर गेले. छातीशी, चांगले जोडलेले, डोळेही मिटले असावेत. उघडले तेव्हा मागच्या भिंतीशी बसलेले उपमुख्याध्यापक काहीतरी टिपून घेत होते आणि आमची कन्या खिडकीबाहेर बघत होती. झालं, हात दाखवून अवलक्षण.

तास संपल्यावर त्यांनी विचारलं, ते हात जोडलेत ते काय होतं? मी म्हटलं, आमच्याकडे नमस्कार असाच करतात. ते म्हणाले, मुलांना का? मी हो म्हणणार होते. मुलांना होता का? पोथीला होता? तुम्हाला? मलाच माहीत नाही तर यांना काय सांगू. मी म्हटलं, हा जुना ग्रंथ आहे, आम्ही तो साहित्य म्हणूनच वाचतो. ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे, तुम्ही पाहुण्या. पण मुलांपैकी कुणी केलं तर जरा…" आणि थांबले. इथे माणूस 'जरा' म्हणून थांबला की पुढचं 'नाही' आपलं आपण ऐकायचं असतं. सेन्सेईंनी मला जिन्यात नीट सांगितलं, तसं झालं तर पुढच्या वर्षी भारताचा भाग गाळावा लागेल, कदाचित विषयही. बिचारे घाबरले होते. वर्गात वाटून उरलेल्या पंधराव्या अध्यायाच्या छापील प्रती कुणीतरी तेवढ्यात रद्दीच्या खोक्यात टाकल्या होत्या. मी खाली वाकून त्या काढून घेतल्या. श्लोक छापलेला कागद रद्दीत कसा टाकणार, अण्णा? सेन्सेई बघत होते, म्हणून म्हटलं, पाठकोऱ्या आहेत, वापरता येतील.

घरी जेवताना कन्येची नजर ताटातच. मला वाटलं लाज वाटली असेल माझी. तर हातातला घास खाली ठेवून तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं, म्हणजे खरंच विचारलं.

"आई, शेवटच्या तासाला मी तोच अध्याय वाचणार आहे, आजोबांच्या पुस्तकातून. हात जोडू की नको?"

मी म्हटलं, तुला वाटेल तसं. ती भडकली. म्हणाली, तसं नको, तू सांग. तू उपमुख्याध्यापकांना सांगितलंस हे साहित्य आहे, मग घरी पुस्तकाला पाय लागला तर मला पाया का पडायला लावतेस? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. जोड म्हणावं तर सेन्सेई गोत्यात आणि विषय बंद, तिच्याच मैत्रिणींदेखत तिच्यामुळे. नको जोडू म्हणावं तर ती काय शिकणार, की आपलं जे आहे ते चार लोकांत लपवायचं? आणि ही पोरगी सतरा वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन माझ्याकडे काहीतरी मागायला आली होती. मी म्हटलं, उद्या सांगते.

उद्याचे किती उद्या झाले. दादाला फोन केला. तो म्हणाला, एवढं काय त्यात, जोडले तर जोडले, आपल्याकडे तर शाळेत सक्तीचं करायला हवं हे. पुण्यात बसून बोलायला काय जातंय. पण मग वाटलं, तुम्ही तर सक्ती नकोच म्हणायचात, खेळायला जा म्हणायचात. आणि घरी मात्र तुम्हीच सक्ती केलीत. की घरची ती सक्ती नव्हतीच, तुमच्या लेखी ते जेवणासारखंच होतं? मी आडवी पडून विचार करायचे आणि कधी तुमच्या बाजूने व्हायचे, कधी आईच्या. सकाळी कन्या डबा घेऊन निघायची, माझ्याकडे बघायची, आणि मी म्हणायचे, छत्री घे.

शेवटच्या गुरुवारी मी वर्गात सगळ्यात मागे, उपमुख्याध्यापकांच्या शेजारी. उत्तर दिलेलंच नव्हतं. तिचं नाव पुकारलं गेलं. सेन्सेईंनी टेबलावरची तुमची पोथी उचलून तिच्यापुढे धरली. ती एक पाऊल पुढे गेली, दोन्ही हातांनी पोथी घेतली, कपाळाच्या उंचीपर्यंत वर नेली, मान वाकवली, आणि मग खाली आणून उघडली. आणि वाचलं, अण्णा. अनुस्वार खाल्ले, एका जागी अडखळली, पण तुमच्याच चालीवर. ती चाल तिने कुठून उचलली? मी स्वयंपाक करताना गुणगुणते ती असणार. मी तिला शिकवलेली नाही.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी बघितलं. म्हटलं, संपलं, डोक्याला लावली हिने पोथी. तर ते गृहस्थ समाधानाने मान हलवत होते. नंतर मला म्हणाले, किती रीतसर घेतलं तिने पुस्तक, हल्लीच्या मुलांत असं दिसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बालवाडीपासून इथली पोरं समारंभात शाळेचा दाखला असाच घेतात, दोन्ही हातांनी, वर उचलून, मान वाकवून. मी स्वतः टाळ्या वाजवल्या आहेत तिच्या दर समारंभाला. त्यांनी दाखला बघितला आणि मी पोथी.

त्या दिवशी तिचा बॅडमिंटनचा क्लब नव्हता, परतताना ट्रेनमध्ये शेजारीच बसली. मी विचारलं, ते वर उचललंस ते काय होतं गं? तिने कानातला इअरफोन काढला. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "असंच घेतात ना?" आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी विचित्र विचारते आहे. कुठे असंच घेतात, शाळेत की आपल्या घरी, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही. तिने इअरफोन परत घातला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून फुनाबोरी येईपर्यंत झोपली. मला इतकं बरं वाटलं, आणि कळलं मात्र काहीच नाही.

म्हणून तुम्हाला विचारायला बसले. त्या शनिवारचा कुठला राग खरा, सकाळचा की रात्रीचा? की तुम्हालाही ठाऊक नव्हतं, आणि म्हणून तुम्ही पाणी फिरवून जेवायला लागलात? तसं असेल तर मला सांगायला हवं होतं. मी इतकी वर्षं उगाच समजत राहिले की तुमच्यापाशी उत्तर आहे आणि ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.

हे कागद कुठे ठेवायचे तोही प्रश्नच आहे. पाठीमागे पंधरावा अध्याय छापलेला, म्हणजे इथल्या कागदाच्या कचऱ्यात घालता येणार नाहीत, आणि पाठवायला पत्ता नाही. पोथीतच घालून ठेवीन.

एक राहिलं. ती वाचत होती तेव्हा मी हात जोडले होते. उपमुख्याध्यापकांना दिसू नयेत म्हणून बाकाखाली, मांडीवर. आई भेटली तर तिला सांगा, पोरीचे हात अजून मधेच आहेत.