तुमच्या भावाने पॅन निवडला त्याची हकिकत

ती. वन्सं यांना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा वाकून). तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डावा बरा होता आणि उजवा रुसून बसला होता. एव्हाना दोघांनी आपसात बदली करून घेतली नसेल अशी आशा आहे. भावोजींचा खोकला थांबला असेल. थांबला नसेल तर त्यांना म्हणावं, आधी विडी थांबवा, मग खोकल्याला सांगू. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ‘ठीक’ हा माझा शब्द तुम्ही नेहमी संशयानं वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिते. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण आमचा फोन तुमच्या भावाच्या खुर्चीला लागून आहे.

दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांची काय अवस्था होती ते तुम्ही पाहिलंच आहे. पण तुम्ही होतात तोवर हे तुमच्या धाकानं निदान ‘हो’ आणि ‘नको’ एवढं तरी बोलत होते. तुम्ही गेलात आणि तेही आटलं. जन्मभर लिफ्टा तपासलेला माणूस, दोर किती झिजला, ब्रेक कुठं घासतो, हे बाहेर उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगणारा; तो खिडकीशी बसून समोरच्या दोरीवरचे लोकांचे कपडे बघायचा. डॉक्टर म्हणाले, हृदय आता चांगलं चाललंय, माणसाला चालतं करायचं काम तुमचं. शिवाय तेल कमी करा. (डॉक्टरांचं बरं असतं, दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगून मोकळे.) मी आपली जुन्या पॅनमध्ये थेंबभर तेलावर अंडं टाकायची. ते पॅनला असं धरून बसायचं की खरवडून काढल्यावर ते अंडं आहे की भिंतीचा निघालेला रंग, हे कळू नये. आणि हे ते निमूटपणे खायचे. वन्सं, तुमच्या भावाला तुम्ही ओळखता. मीठ जरा कमी पडलं तर जे गृहस्थ हात धुवायच्या आधी छोटेखानी भाषण द्यायचे, ते रंगाचे पोपडे गिळून ‘छान’ म्हणायला लागले. मी खरी घाबरले ती तेव्हा.

मग मी रस्त्यावरच्या गाडीवरून एक नॉनस्टिक पॅन आणला. काळाभोर, चकचकीत, आरशासारखा. नव्याची नवलाई संपायच्या आत त्याला त्वचारोग झाला. एका सकाळी ह्यांच्या ऑम्लेटमध्ये काळे ठिपके दिसले. मी म्हटलं, मिरपूड असेल. ह्यांनी चष्मा लावला, एक ठिपका काट्याच्या टोकानं बशीच्या कडेला घेतला, नखानं दाबून पाहिला आणि दवाखान्यातून आल्यापासूनचं पहिलं पूर्ण वाक्य बोलले. “हा पॅन वापरात आणायच्या आधी कोणी तपासला होता?”

मी कबूल केलं की कोणीच नाही. आणि तिथून सगळं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी हे दाढी करून, स्टीलची पट्टी खिशात घालून निघाले. मी मागोमाग. चौकातल्या भांड्यांच्या दुकानाचा मालक फार सज्जन माणूस आहे, हे मी आता शपथेवर सांगू शकते. ह्यांनी त्याचा प्रत्येक पॅन उलटा केला आणि बुडावर पट्टी आडवी धरून उजेड दिसतो का ते पाहिलं. (बूड सपाट नसेल तर मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं. आमच्या लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं तो दोष माझा समजला जात होता.) दांडा स्क्रूचा की ठोकून बसवलेल्या रिबिटांचा ते पाहिलं. स्क्रूचे दांडे हलवून हलवून दोन तिथंच ढिले केले आणि “बघा” म्हणून परत दिले. मालकानं मोठ्या उमेदीनं एक महागातला पॅन पुढं केला आणि सांगितलं, “साहेब, हा घ्या. आयुष्यभराची गॅरंटी आहे.”

“कोणाच्या आयुष्याची?” ह्यांनी विचारलं. “पॅनच्या की माझ्या? माझी तर डॉक्टरही देत नाहीत.”

मालकानं हातातला पॅन खाली ठेवला. मग त्यानं एक स्टूल आणून ह्यांना बसायला दिलं. ही त्याची घोडचूक. त्या दिवसापासून हे रोज त्या स्टुलावर. एक नवं जोडपं पॅन घ्यायला आलं तर ह्यांनी त्यांना आधी विचारलं, शेगडी कसली, ज्योत केवढी, घरात स्टीलचे चमचे किती. ती दोघं विचार करून येतो म्हणून गेली ती गेलीच. मालकानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. पण वन्सं, एक गोष्ट सांगते. ह्यांनी तिथला प्रत्येक पॅन मला डाव्या हातानं उचलायला लावला. मला वाटलं, वजनाची काही शास्त्रीय परीक्षा असेल. तर म्हणाले, “तुझं उजवं मनगट शिवणानं दुखतं. जड पॅन घरात आला तर तो दोन वेळा निघेल आणि मग फळीवर बसेल.” मनगटाचं मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं.

तर आता पोपटाचं सांगते. (त्याची बातमी तुमच्यापर्यंत उलटसुलट पोचली आहे म्हणे. खरी ही.) मालकानं स्वतःची सुटका करून घेण्यासाठी एक पॅन ‘वापरून बघा’ म्हणून घरी दिला. हे तो रिकामाच आचेवर ठेवून किती वेळात किती तापतो ते पाहत होते. तेवढ्यात फोन वाजला आणि हे तो घ्यायला गेले. फोन तुमचाच होता, पण मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही उजव्या गुडघ्यापर्यंत पोचला होतात तोवर स्वयंपाकघरात धूर. मी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. ह्यांनी पॅनसोबतचा कागद वाचलेला होता. असा नॉनस्टिक पॅन रिकामा अति तापला तर त्याचा धूर पाखरांच्या जिवावर बेततो, असं त्यात होतं. आणि आमच्या समोरच्या दारात दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांचा पोपट, आणि वारा यावा म्हणून त्यांचं दार सताड उघडं. ह्यांनी फोन तसाच लोंबकळता सोडला (‘अचानक लाइन गेली’ असं तुम्हाला वाटलं होतं ती हीच), समोरच्या घरात शिरले, पिंजरा उचलला आणि जिना उतरू लागले. लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. जन्मभर लिफ्टांची सेवा केली, ऐन वेळी एकही कामाला आली नाही.

बाईंनी पाहिलं ते इतकंच, की एक शेजारी बोलत नाही, हसत नाही, आणि आज अंगणाच्या दिशेनं त्यांचा पोपट घेऊन पळतो आहे. त्या हातातलं टाकून मागे धावल्या. त्यांच्या मागे मी. माझ्या मागे आणखी दोन मजले. आणि पिंजऱ्यातून पोपट आख्ख्या जिन्यावर बाईंच्याच आवाजात ओरडत होता, “आ करा. मोठा आ करा. दुखणार नाही.”

अंगणात पोचून ह्यांनी पिंजरा मोकळ्या हवेत कट्ट्यावर ठेवला आणि स्वतः पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक. दम इतका लागलेला की “पाखरांना... सोसत नाही” एवढंच बाहेर आलं. मी शेजारी बसले. वन्सं, मी तुमच्यापासून लपवत नाही, त्या क्षणी मला वाटलं की एका फ्रायिंग पॅनपायी मी ह्यांना घालवलं. बाईंनी भांडण बाजूला ठेवलं आणि नाडी धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाल्या, “ठोके माझ्यापेक्षा बरे आहेत.” पोपट म्हणाला, “थुंका.” आणि तुमचे भाऊ हसले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून. मी रडत होते आणि बाईंना कळेना की आम्हा दोघांपैकी कोणाला पाणी द्यावं. पोपट होणं म्हणतात ते त्या दिवशी आमच्या सगळ्यांचं झालं, एकटा खरा पोपट तेवढा त्यातून सुटला.

अखेर पॅन घेतला. मध्यम जाडीचा, सपाट बुडाचा, रिबिटांच्या दांड्याचा, माझ्या डाव्या हाताला पेलेल असा. आयुष्यभराची गॅरंटी नसलेला (“खोटं तरी बोलत नाही,” हे म्हणाले). अंडं त्यावरून असं घसरतं की बशी वेळेवर पुढं करावी लागते. लाकडी उलथन्याशिवाय त्याला काही लावायचं नाही, आच मंद, आणि गरम असताना नळाखाली धरायचा नाही, असे नियम आहेत. मी त्याला फ्लॅनेलची पिशवी शिवून दिली आहे. इतके लाड आपल्या कोणाच्याच मुलांचे झाले नसतील. डॉक्टरीणबाईंनीही तसाच घेतला, आणि दुकानदारानं मालाबरोबर ह्यांना चहा पाजला.

तेव्हा तुम्ही मुळीच काळजी करू नये, आणि गुडघे असे असताना इकडे यायची दगदग करू नये. सगळं मार्गी लागलं आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना पोटभर आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. वन्सं, वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पुरतं नाही. पॅन घरात आला, दोन दिवस कौतुक झालं, आणि परवापासून हे पुन्हा खिडकीशी. दोरी, लोकांचे कपडे आणि तोंडाला कुलूप. आता शोधायला काही उरलंच नाही. तर माझं एवढं काम करा. तुमचा पॅन खराब झाला आहे, दुकानात गेलं की डोकं चालत नाही, कोणता घ्यावा ते कळव, असं ह्यांना एक तातडीचं पत्र लिहा. जरा अडाणीपणाचे प्रश्न विचारा. तुमच्या स्वयंपाकघराची ख्याती मला ठाऊक आहे, असं खोटं लिहायला तुम्हाला जड जाईल, पण भावासाठी करा. हे पत्र टाकायला मी ह्यांच्याकडेच देते आहे, तेवढाच पाय मोकळा होईल. पाकीट घट्ट चिकटवलं आहे.

ता. क. दुसरा. (अक्षर वेगळं आहे, कारण माणूस वेगळा आहे.) ताई, पाकीट मी उघडलं. पॅनमध्ये पाणी उकळून वाफेवर धरलं, डिंक सुटला, कागद फाटला नाही. उकळी सगळीकडे सारखी येते, हे नोंदवण्यासारखं आहे. तुझा पॅन शाबूत असणार, मला माहीत आहे. तरी ही म्हणते तसं पत्र पाठव, तिनं फार खटपट केली आहे. सोबत तुझ्या शेगडीच्या ज्योतीचं माप कळव आणि माझं उत्तर येईपर्यंत काही खरेदी करू नकोस.

दवाखान्यातून आल्यावरचं माझं गप्प बसणं खरं होतं. परवापासूनचं तसं नाही. मी गप्प बसलो की ही शिवणाचं मशीन थांबवते आणि शेजारी येऊन बसते. काही बोलत नाही, नुसती बसते. पॅनच्या धावपळीत ते राहूनच गेलं होतं. हिला यातलं काही कळवू नकोस.

पाकीट पुन्हा चिकटवलं आहे. या वेळी नीट.