सैल पट्टा

बाबा,

तुम्ही घड्याळाची काच मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायचात. घाटात रुळांवर काम करताना दणका बसून फुटू नये म्हणून. आणि पट्टा इतका सैल, की घण उचलला की घड्याळ कोपराकडे घरंगळायचं. मीही तसंच घालतो. माझं घड्याळ मात्र पळणाऱ्यांचं आहे, मागच्या हिरव्या दिव्याने मनगटावरच हृदयाचे ठोके मोजतं. माझ्या मैत्रिणीने दिलंय. ती खालापूरला एका दवाखान्यात नर्स आहे. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, सरांच्या अंगावर धावून गेलो होतो. तुम्ही असतात तर कानाखाली बसली असती. आता पोलीस भरतीची तयारी करतोय.

रोज सकाळी भिसेगावातून निघून कशेळ्याच्या रस्त्याला पळतो. गेल्या महिन्यात आरामात पळत असताना घड्याळाने एकशे ब्याऐंशी दाखवले. दमसुद्धा लागला नव्हता. मोरीच्या कठड्यावर बसलो आणि तुम्हीच डोळ्यांसमोर आलात, ओट्यावर बसलेले, छातीवर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी एकशे शहाऐंशी. मग पळणंच बंद केलं. घरात बसूनही सारखं मनगट उलटं करून बघायचो. आई विचारायची, कुणाचा मेसेज यायचाय का एवढा. खालापूरहून मैत्रिणीचे फोन यायचे, तेही घेईनासा झालो. तिला वाटलं, माझं मन फिरलं.

शेवटी मोटरसायकल काढून खालापूरला गेलो आणि माफी मागायची सोडून तिच्यावरच ओरडलो, तुझं घड्याळ जीव घेणार माझा. तिने दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत मला दहा फेऱ्या मारायला लावल्या. थांबलो तसं तिने माझी नाडी धरली आणि ओठ हलवत मोजली. माझ्या घड्याळात एकशे चौऱ्याऐंशी, तिच्या बोटांखाली एकशे छत्तीस.

"एवढं सैल का घातलंस रं?"

"बाबा असंच घालायचे."

"म्हणून ते तुझी पावलं मोजतंय. काळीज नाय."

तिने पट्टा दोन भोकं आवळला. पुन्हा पळालो, आकडे जुळले. तिने हात लगेच सोडला नाही तेव्हा आकडा परत चढला. ती हसली, म्हणाली, हे मात्र घड्याळ खरं सांगतंय. मग सहज, रोज पेशंटला विचारते तसं विचारलं, "तरी एकदा कार्डिओग्राम काढू. घरात कुणाला हृदयाचं काय हाय?"

बाबा, तुम्ही ओट्यावर बसला होतात तेव्हा म्हणाला होतात, डॉक्टरकडे जाऊ, चल जरा सोबत. मी नववीत. शाळेच्या स्पर्धेला पाठवलं नाहीत म्हणून दोन दिवस धुमसत होतो. मी म्हणालो, नाटकं करू नका. तुम्ही चपला घातल्या आणि एकटेच गेलात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच पोचलात, तिथेच कोसळलात.

आता घड्याळ घट्ट बांधतो, काच बाहेर. आज सकाळी एकशे अडतीस, अगदी बरोबर. तरी पळताना छातीत काही हललं की पाय थांबतात. परवा कार्डिओग्राम आहे. तिच्या घरी अजून आमचं कळायचंय, तिच्या वडिलांना तुमच्या छातीचं कळलं तर काय म्हणतील, हेच डोक्यात फिरतं.

हे पत्र तुमच्या जुन्या घड्याळाच्या डब्यात ठेवतोय, दुसरीकडे कुठे पाठवणार. तिने हृदयाचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, कुणाला नाय. बाबा घाटात रुळावर घसरून पडले, म्हणालो.